गळ्यापासून खाली, शिवणीशिवाय: विणकाम येणाऱ्यांच्या पहिल्या अखंड स्वेटरसाठी

पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या दोन सरळ सुयांवर वेगवेगळ्या विणायच्या, मुंढ्याचे टाके घटवत न्यायचे, मग चारही भाग शिवून गळ्याचे टाके उचलायचे आणि पट्टी काढायची, या पद्धतीने मी २८ वर्षे स्वेटर विणले. त्यामुळे गळ्यापासून सुरू करून खाली येणारा, कुठेही शिवण नसलेला रॅगलन (गळ्यापासून बगलेपर्यंत तिरप्या रेषा असलेला) स्वेटर विणायला घेतला, तेव्हा तो पंधरा दिवसांत होईल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात तो तीन वेळा उसवला, आणि तिन्ही वेळा कारण एकच होते: जे मला चांगले येत होते, ते मी विचार न करता तसेच करत राहिले. सुलट-उलट कसे विणायचे हे या लेखात नाही. ते हाताला आहे, पण गोल सुई आणि उलट्या दिशेचे गणित नाही, अशांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच नमूद करते. शिवण असलेला स्वेटर मागासलेला नाही. जाड वेण्यांचा किंवा सुती दोऱ्याचा स्वेटर स्वतःच्या वजनाने लोंबतो, आणि तो सावरायला खांद्याची आणि बगलेची शिवण फार उपयोगी पडते. अशा स्वेटरसाठी मी आजही चार भागच विणते. अखंड पद्धत साध्या विणीच्या, हलक्या ते मध्यम वजनाच्या स्वेटरला शोभते, आणि तिचा मोठा फायदा म्हणजे विणता विणताच तो अंगात घालून पाहता येतो.

काय काय जवळ हवे

खालचे सगळे आकडे छाती ९२ सेंमी असलेल्या प्रौढ स्त्रीच्या स्वेटरचे आहेत. त्यासाठी मला पुढील सामान लागले.

- मध्यम जाडीची, शक्यतो खऱ्या लोकरीचे प्रमाण जास्त असलेली लोकर, सुमारे ५५० ग्रॅम. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या, कारण गोल विणीत रंगातला फरक आडव्या पट्ट्यासारखा दिसतो आणि तो शिवणीत लपवता येत नाही.
- ४.५ मिमी जाडीच्या दोन गोल सुया (लवचीक केबलने जोडलेली दोन टोके), एक ४० सेंमी आणि एक ८० सेंमी लांबीची.
- बॉर्डरसाठी ३.७५ मिमी जाडीच्या तशाच दोन.
- खुणेसाठी पाच पिना किंवा रंगीत दोऱ्याची कडी, त्यांतील एक वेगळ्या रंगाची.
- टाके बाजूला ठेवायला गुळगुळीत सुती दोरा, बोथट जाड सुई, टेप, कागद आणि पेन्सिल.

पहिला प्रयोग बाळाच्या स्वेटरवर करावा, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. बाळाचा गळा इतका लहान असतो की ४० सेंमीच्या सुईवरही टाके ताणल्याशिवाय पुरत नाहीत, आणि मग लांब केबलचा फास काढून विणण्याची युक्ती पहिल्याच फेरीपासून शिकावी लागते. एका वेळी एकच नवी गोष्ट हाताला द्यावी.

१. सुईचा नंबर विसरा, मिलिमीटर वाचा

आपल्याकडच्या सुयांवरचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकी पद्धतीत नेमके उलटे असते. आपली १० नंबरची सुई ३.२५ मिमीची, तर अमेरिकेतली १० नंबरची ६ मिमीची. गंमत म्हणजे ७ नंबरला दोन्ही पद्धती एकत्र येतात आणि दोन्हीकडे सुई ४.५ मिमीचीच असते.

या गमतीनेच मला फसवले. अमेरिकेहून येणाऱ्या भाचीला मी ७ आणि ९ नंबरच्या गोल सुया आणायला सांगितल्या होत्या. ७ नंबरची सुई माझ्या जुन्या सुईशी तंतोतंत जुळली, म्हणून ९ नंबरची मी तपासलीच नाही. आपली ९ म्हणजे ३.७५ मिमी आणि तिकडची ९ म्हणजे ५.५ मिमी. गळ्याची बॉर्डर आवळून बसण्याऐवजी झालरीसारखी फुलली, तेव्हा सुया शेजारी शेजारी धरून पाहिल्या. तो पहिल्यांदा उसवला. परदेशी नमुना वाचतानाही हीच काळजी घ्या, आणि सुईवर मिमी लिहिलेले नसेल तर भोकांची मापपट्टी वापरा.

२. तुमचा टाका सुईवर कसा बसतो, ते पाहा

अनुभवी विणणाऱ्यांनी ही पायरी मुळीच टाळू नये. सुईवरचा प्रत्येक टाका म्हणजे घोड्यावर बसलेल्या स्वारासारखा असतो: एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे असतो आणि सुलट विणताना आपण त्याच पायातून सुई घालतो. पण आपल्यापैकी अनेक जणी उलट टाका विणताना लोकर सुईला खालून गुंडाळतात, कारण हाताला ते सोपे आणि जलद जाते. तसे केले की पुढच्या ओळीत टाका पाय बदलून बसलेला सापडतो, आणि आपण नकळत मागच्या पायातून सुलट विणून तो सरळ करतो. एक चूक दुसऱ्या चुकीला सांभाळून घेते, वीण सुबक दिसते, आणि वर्षानुवर्षे काही बिघडत नाही.

गोल विणीत मात्र साध्या विणीसाठी सगळ्याच फेऱ्या सुलट असतात. उलट ओळ येतच नाही, त्यामुळे टाके पाय बदलून बसत नाहीत. हात मात्र सवयीने मागच्याच पायातून सुई घालत राहतो आणि प्रत्येक टाक्याला पीळ पडतो. माझे जवळजवळ १५ सेंमी विणून झाल्यावर कापड कडक आणि तिरपे का होत आहे, हे कळेना. भिंग घेऊन पाहिले, तेव्हा टाक्याच्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आकारातले दोन्ही पाय तळाशी एकमेकांवर चढलेले दिसले. तो दुसऱ्यांदा उसवला.

तुमची सवय कोणती आहे ते ओळखणे सोपे आहे. सरळ सुयांवर २० टाके घाला, एक ओळ सुलट आणि एक उलट विणा, आणि तिसरी ओळ सुरू करण्याआधी सुई डोळ्यांसमोर धरा. उजवे पाय पुढे असतील तर निश्चिंत राहा. डावे पाय पुढे असतील, तर गोल फेरीत दर टाक्याला पुढच्या पायातूनच विणण्याचे स्वतःला बजावावे लागेल. पहिल्या दहा फेऱ्या हळूहळू विणल्या की हात ऐकतो.

३. मापासाठी नमुन्याचा तुकडा गोल फेरीसारखा विणा आणि धुऊन मोजा

बहुतेकांचा उलट टाका सुलटपेक्षा किंचित सैल पडतो. म्हणून सरळ सुयांवर विणलेल्या तुकड्याचे माप आणि गोल विणीचे माप एकच निघेल याचा भरवसा नसतो. गोल सुईवर ३५ टाके घाला, एक ओळ सुलट विणा, मग काम न वळवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवा, लोकर मागून सैल ओढून आणा आणि पुन्हा सुलट विणा. मागे दोऱ्यांची झोळी लोंबेल, ती तशीच असू द्या. तुकडा किमान १५ सेंमी उंच झाला की धुवा, वाळवा आणि कडेचे टाके सोडून मधोमध मोजा.

माझे माप १० सेंमीत २० टाके आणि २८ फेऱ्या असे आले. पुढचे गणित त्यावर आहे. तुमचे माप वेगळे आले तर आकडे बदला, रीत तीच राहील.

४. विणण्याआधी कागदावर गणित करा

रॅगलनमध्ये मुंढा नसतो. गळ्यापासून बगलेपर्यंत चार तिरप्या रेषा जातात आणि त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना टाके वाढवत अंग आणि बाह्या एकदमच रुंद होतात. आपण आजवर मुंढ्यात टाके घटवत वर गेलो. इथे गणिताची सुरुवात छातीपासून करायची आणि विणायचे मात्र गळ्यापासून, हा उलटा क्रम डोक्यात बसायला दोन दिवस लागतात.

छाती ९२ सेंमी आणि सैलपणा ८ सेंमी, म्हणजे अंगाचा घेर १०० सेंमी. १ सेंमीला २ टाके, म्हणून २०० टाके. बगलेत प्रत्येक बाजूला ८ टाके नवे घालायचे आहेत, ते १६ वजा केले की १८४ उरतात, म्हणजे पाठीला ९२ आणि पुढे ९२. गळ्याचा घेर ४८ सेंमी धरला, तर ९६ टाके. त्यांची वाटणी पाठ ३२, पुढचा भाग ३२, बाह्या प्रत्येकी १६.

पाठ ३२ वरून ९२ वर न्यायची आहे, म्हणजे ६० टाके वाढायला हवेत. एका वाढीच्या फेरीत पाठीला २ टाके मिळतात, म्हणून वाढीच्या ३० फेऱ्या लागतील. एक फेरी वाढीची आणि एक साधी, अशा ६० फेऱ्या म्हणजे सुमारे २१ सेंमी खोली. ती बगलेसाठी योग्य आहे.

सापळा यापुढे आहे. बाहीलाही ३० वेळा वाढवले तर ती १६ वरून ७६ वर जाते, आणि बगलेचे ८ धरून ८४ टाके, म्हणजे ४२ सेंमीचा दंड होतो. माझा तिसऱ्यांदा उसवला तो याच कारणाने, कारण मी सहज मानून चालले होते की आठही ठिकाणची वाढ शेवटपर्यंत बरोबरीने चालते. मला बाही दंडाला ३६ सेंमी, म्हणजे ७२ टाके हवी होती. बगलेचे ८ वजा केले की ६४ राहतात. १६ वरून ६४ म्हणजे ४८ टाके, म्हणजे वाढीच्या २४ फेऱ्या पुरतात. म्हणून पहिल्या २४ वाढीच्या फेऱ्यांत आठही ठिकाणी वाढवायचे, आणि शेवटच्या ६ फेऱ्यांत फक्त पाठ आणि पुढच्या भागाला. हिशेब असा पडताळा: ९६ अधिक १९२ अधिक २४ म्हणजे ३१२. दोन बाह्यांचे १२८ वजा केले की १८४ उरतात.

स्वतःचे आकडे पारखायला आणखी एक ठोकताळा आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत विणकाम शिकवणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी टक्केवारीची पद्धत लोकप्रिय केली. अंगाचे टाके १०० टक्के मानले, तर बाही वर ३३ ते ३५ टक्के आणि मनगटाशी २० टक्के असावी, असे त्यांचे सूत्र होते. माझे ७२ टाके त्याहून किंचित सैल आहेत. माझ्या दंडांना तेच मानवते.

५. गळा, आणि पाठीच्या अर्ध्या ओळी

९६ टाके जाड सुईवर सैल हाताने घाला, नाहीतर गळा डोक्यातून जाताना कुरकुरतो. टाके घालून झाले की सुई टेबलावर आडवी ठेवून सगळ्या टाक्यांचा तळ आतल्या बाजूला आहे ना, हे नीट पाहा आणि मगच फेरी जोडा. कुठे पीळ राहिला तर तो पुढे कधीही सुटत नाही. बारीक सुईवर एक सुलट, एक उलट अशी ८ फेऱ्यांची बॉर्डर विणा आणि ४.५ मिमीच्या सुईवर या. फेरीची सुरुवात पाठीच्या मध्यावर वेगळ्या रंगाच्या पिनेने दाखवा. तिथून १६, १६, ३२, १६ टाक्यांनंतर एकेक पिन घाला. शेवटी पाठीचे उरलेले १६ टाके राहतील.

चार भागांच्या स्वेटरमध्ये पुढचा गळा आपण मध्ये टाके बंद करून खाली उतरवतो. इथे तसे करता येत नाही, म्हणून पुढचा गळा खाली आणण्याऐवजी पाठ उंच करायची. पाठीच्या मध्यापासून सुलट विणत पहिल्या पिनेच्या पुढे बाहीचे ३ टाके विणा आणि काम वळवा. लोकर पुढे आणून पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, आणि लोकर सुईवरून मागे जोरात ओढा. त्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर चढून तो जोडटाक्यासारखा दिसू लागेल. आता उलट विणत मध्य ओलांडून दुसऱ्या बाजूच्या बाहीत ३ टाके जा आणि तसेच वळा. पुढच्या खेपांना पिनेपासून ७, ११ आणि १५ टाके जाऊन वळा. परत येताना वाटेत जोडटाका लागला की दोन्ही पाय एकत्र धरून एकच टाका म्हणून विणा. टाके मोजतानाही तो एकच धरायचा. दोन्ही बाजूंची चार-चार वळणे झाली की पाठ ८ ओळींनी, म्हणजे जवळजवळ ३ सेंमी, उंच झालेली असते. ही पायरी गाळलेला स्वेटर पुढून गळ्यावर चढतो आणि घालणारा दिवसभर तो खाली ओढत बसतो.

६. वाढीच्या रेषा

पिनेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका साधा ठेवून त्यापलीकडे वाढ करायची. दोन टाक्यांमधला आडवा दोरा उचलून विणणे सर्वांना माहीत असते, पण तो कोणत्या बाजूने उचलायचा याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. पिनेच्या आधी एक टाका राहिला असताना, आडवा दोरा डाव्या सुईने मागून पुढे उचला आणि पुढच्या पायातून विणा. ही वाढ उजवीकडे झुकते. पिनेनंतरचा एक टाका विणल्यावर दोरा पुढून मागे उचला आणि मागच्या पायातून विणा. ही डावीकडे झुकते. दोन्ही आरशातल्यासारख्या दिसल्या तर रेषा स्वच्छ येते. वाढवलेल्या टाक्याच्या जागी भोक दिसले, तर दोरा उचलण्याची किंवा पायाची बाजू चुकली आहे, असे समजा.

टाके वाढले की ८० सेंमीच्या सुईवर या. दर दहा वाढींनंतर एका साध्या फेरीत सगळ्या टाक्यांतून सुती दोरा ओवून ठेवा. चूक झाली तर तिथपर्यंतच उसवावे लागते.

७. बाह्या वेगळ्या काढणे

३१२ टाके झाले की पाठीचे ४६ विणा, बाहीचे ६४ सुती दोऱ्यावर घ्या, लगेच ८ नवे टाके घाला, पुढचे ९२ विणा, दुसऱ्या बाहीचे ६४ दोऱ्यावर घेऊन पुन्हा ८ घाला आणि पाठीचे उरलेले ४६ विणा. सुईवर २०० टाके आहेत याची खात्री करा. याच वेळी अंगाचे टाकेही लांब दोऱ्यावर उतरवून स्वेटर घालून पाहा. खोली कमी वाटली तर दोन-चार साध्या फेऱ्या आत्ताच वाढवता येतात.

८. अंग आणि बाह्या

अंगाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. हवी ती लांबी येईपर्यंत सुलट फेऱ्या, मग बारीक सुईवर बॉर्डर, आणि सैल हाताने टाके बंद.

बाहीसाठी दोऱ्यावरचे ६४ आणि बगलेचे ८ टाके उचला. बगलेच्या दोन्ही कोपऱ्यांत हमखास भोक पडते, म्हणून तिथे एकेक टाका जास्तीचा उचलून पुढच्या फेरीत शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणा. आता ८० सेंमीच्या सुईची केबल टाक्यांच्या मधोमध फासासारखी बाहेर काढून अर्धे-अर्धे टाके विणायचे. फासाच्या जागी टाके सैल पडून शिडीसारखी रेघ उमटते. बहुतेक जणी पहिला टाका आवळतात, पण खरा फरक दुसरा टाका विणताना लोकर ओढल्याने पडतो.

आधी ८ फेऱ्या साध्या विणा, मग दर ७ फेऱ्यांनी बगलेच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका घटवा. १४ वेळा घटवले की ४४ टाके राहतात आणि बाही ३८ सेंमी होते. त्यापुढे ५ सेंमी बॉर्डर.

९. पुढून कापून जाकीट करायचे असेल तर

हा निर्णय टाके घालतानाच घ्यावा लागतो, कारण पुढच्या भागाच्या मध्यावर ६ जास्तीचे टाके घालून ते खालपर्यंत तसेच न्यावे लागतात आणि वरच्या कोणत्याही गणितात धरायचे नसतात. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर ही रीत जुनी आहे. तिथल्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे कापलेली कड सहसा सुटत नाही. नॉर्वेमध्ये आधी यंत्राने टीप मारून मग कापण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्या बाजारातल्या ॲक्रिलिकला शेटलंडची नव्हे, नॉर्वेची रीत लावा.

मी नमुन्याच्या तुकड्यावर टीप न मारता कापून पाहिले होते. कात्री फिरल्यावर क्षणभर काहीच झाले नाही, पण कड बोटाने किंचित ताणताच कापलेले टोक शेजारच्या टाक्यातून सुळकन बाहेर आले, आणि मग त्याच्या पलीकडचेही. तेव्हापासून मी मधल्या दोन टाक्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक टाक्याच्या दोन-दोन टिपा मारते, पुढचा आणि मागचा थर चिकटू नयेत म्हणून आत पुठ्ठा सरकवते, आणि मगच मध्यावरून कापते. बटणपट्टीसाठी कडेने टाके उचलताना दर ७ फेऱ्यांना ५ टाके उचला. २० टाके आणि २८ फेऱ्या यांचे ते प्रमाण आहे. सातच्या सात उचलले तर पट्टी लाटांसारखी होते.

१०. धुणे आणि वाळवणे

लोकरीचा स्वेटर कोमट पाण्यात २० मिनिटे बुडवा, न पिळता जाड टॉवेलात गुंडाळून दाबा आणि खाटेवर चादर पसरून मापाप्रमाणे आडवा वाळत घाला. दोरीवर टांगला तर बाह्या लांबतात. यंत्रात धुण्यासाठी प्रक्रिया केलेली लोकर पहिल्या धुण्यात चांगलीच सैल होते, म्हणूनच तिसऱ्या पायरीत नमुना धुऊन मोजायला सांगितले आहे. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा वाफ जवळून धरू नका. वीण एकदा लुळी पडली की पुन्हा धुतली तरी तिचा ताठपणा परत येत नाही. उरलेली दोऱ्यांची टोके पूर्ण वाळल्यावरच कापा, कारण ओली वीण वाळताना सरकते आणि आधी आखूड कापलेली टोके नेमकी बगलेत बाहेर डोकावतात.